भूक आहे, पण उठवत नाही

रोज रात्री आठच्या सुमारास मुंबईहून आणि पुण्याहून चिपळूण तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर फोन वाजतात. "आई, जेवलीस काय?" "जेवले हो." फोन बंद. विचारणाऱ्याचं समाधान झालं, सांगणारीचंही झालं. पण जेवली म्हणजे काय जेवली, हे कोणी विचारत नाही. कपभर चहा आणि चार बिस्किटं यालाही पुष्कळ घरांत हल्ली जेवण म्हणतात. डब्यात तांदूळ असतो, कुळीथ असतात, शेजारणीनं दिलेलं बांगड्याचं सारही फ्रिजमध्ये असतं. फक्त उठून ओट्यापाशी जायचं आणि काहीतरी शिजवून घ्यायचं, तेवढं होत नाही.

याला आपल्याकडे तयार उत्तरं आहेत. माणूस म्हातारा असेल तर "वय झालं", तरुण असेल तर "आळशी आहे, आयतं पाहिजे". आणि कोणी उलट दिवसभर खातच सुटला असेल तर "हावरा". कोकणात जीभ तशी धारदारच, त्यामुळे ही विशेषणं तोंडावर मिळतात. माझं मागणं एवढंच, की ही नावं ठेवण्याआधी घरातला औषधांचा डबा उघडा आणि त्या माणसाला गेल्या सहा महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली ते बघा.

भूक लागणं, खाल्लेलं चवीला लागणं आणि खाण्यासाठी उठून खटपट करावीशी वाटणं, हे आपण एकच समजतो. मेंदूत या गोष्टी वेगवेगळ्या चालतात. त्यातली एक बिघडली तरी बाकीच्या दोन धड असू शकतात. हे कळलं की घरातली निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सालामोन नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग साधा आणि विलक्षण आहे. पिंजऱ्यातल्या उंदरापुढे दोन पर्याय ठेवले. एक कळ पुन्हा पुन्हा दाबली तर त्याच्या आवडीच्या गोळ्या मिळणार. दाबायची नसेल तर बाजूला रोजचं साधं खाद्य फुकट पडलेलं आहेच. निरोगी उंदीर फुकटचं सोडून कळ दाबत बसतो, कारण त्याला चांगलं खायचं असतं. मग त्याला हॅलोपेरिडॉल या औषधाचा लहानसा डोस दिला. हे औषध मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतं. उंदरानं कळ दाबणं कमी केलं, पण खाणं सोडलं नाही. उलट बाजूचं फुकटचं खाद्य तो जास्त खाऊ लागला. म्हणजे त्याची भूक शाबूत होती, फक्त श्रमाची तयारी गेली होती.

पुढे त्याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. एका वाटेच्या टोकाला भरपूर खाऊ, दुसऱ्या वाटेच्या टोकाला थोडासा. भरपूर खाऊच्या वाटेवर दीडेक फुटाची जाळी उभी केली, ती चढून जावी लागे. डोपामिन कमी झालेला उंदीर जाळी बघून थोड्याशा खाऊकडे वळे. जाळी काढली की तोच उंदीर न चुकता भरपूर खाऊकडे जाई. त्याला जास्त कुठे आहे हे ठाऊक होतं आणि हवंही होतं. आड येत होती ती जाळी.

सिअ‍ॅटलमध्ये रिचर्ड पामिटर यांनी तर डोपामिन मुळातच तयार होत नाही असे उंदीर वाढवले. ते अन्नापुढे बसून उपासमारीनं मरत. पण घास तोंडात ठेवला तर गिळत, आणि गोड पाणी साध्या पाण्यापेक्षा पसंत करत. लेवोडोपा हे औषध टोचलं की काही तास नीट खात. चव आहे, गिळता येतं, तरीही स्वतःहून पुढे होणं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. माणसाला दुःख असतं, अभिमान असतो, सुनेवर राग असतो, आणि त्यासाठीही तो जेवायचा थांबतो. पण मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेची ठेवण दोघांत बरीच सारखी आहे, आणि याच रसायनावर चालणारी औषधं आपल्या घरांत रोज घेतली जातात.

डोपामिनच्या या शोधाच्या मुळाशी आपलीच एक वनस्पती आहे आणि मुंबईचा एक डॉक्टर आहे. सर्पगंधा आयुर्वेदाच्या फार जुन्या ओळखीची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब खाली येई, पण मोठ्या डोसावर असलेले काही रुग्ण मरगळून जात, कशातच त्यांचं मन लागेनासं होई. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे हालचाल थांबवून पडून राहिले. मग लेवोडोपा दिल्यावर ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. रेसर्पिन डोपामिनचा साठा रिकामा करतं आणि लेवोडोपा तो भरून काढतं, ही गोष्ट त्यातून पुढे स्पष्ट झाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आपल्या डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पण आज केईएमच्या दारातून जाणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल, देव जाणे.

आता मुद्द्याचं. डोपामिन अडवणारी औषधं फक्त मानसिक आजारावरच असतात अशी समजूत आहे. ती चूक आहे. ती गॅसच्या गोळीत असतात, उलटीच्या गोळीत असतात, चक्करीच्या गोळीत असतात.

लेवोसल्पिराइड हे नाव लक्षात ठेवा. पोट फुगणं, करपट ढेकर, जेवल्यावर जड वाटणं यासाठी राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल यांच्यासोबत एकाच कॅप्सूलमध्ये ते पुष्कळदा मिळतं. रुग्ण त्याला "अ‍ॅसिडिटीची गोळी" म्हणतो आणि डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली वर्षभर घेतो, कारण मेडिकलवाल्याला रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळते. हे औषध पोटाला मदत करतं तसं मेंदूतलं डोपामिनही अडवतं. म्हाताऱ्या माणसात महिनोन्‌महिने चाललं तर हालचाल मंदावते, पावलं बारीक पडतात, हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव जातात, उठून काही करावंसं वाटत नाही. अगदी कंपवातासारखं दिसतं, आणि काही वेळा कंपवात समजून त्यावर आणखी औषधं सुरू होतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी यावर वारंवार लिहिलं आहे. वेळेत ओळखून औषध थांबवलं तर पुष्कळ जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात, सगळे मात्र नाही.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करीवरचं प्रोक्लोरपेराझिन याच जातीची. सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही चक्कर आणि अर्धशिशीवरची औषधंसुद्धा म्हाताऱ्यांत हाच प्रकार करू शकतात. फ्लुनारिझिननं शिवाय वजन वाढतं आणि मन उदास होऊ शकतं. चार दिवस घेतलेल्या गोळीबद्दल मी बोलत नाही. उलटी होत असताना ती गोळी घ्यावीच. मी बोलतोय ते "चक्कर येते म्हणून बाबांना रोज एक देतो" या सवयीबद्दल.

पट्टीवर ब्रँडचं नाव मोठं असतं आणि औषधाचं खरं नाव बारीक इंग्रजीत. चष्मा लावूनही आजीला ते वाचता येणार नाही. तेव्हा मुंबईच्या मुलांनो, "जेवलीस काय" विचारण्याआधी एकदा आईला, किंवा शेजारच्या पोराला सांगा, सगळ्या पट्ट्यांचे मागून फोटो काढून पाठवायला. पाच मिनिटांचं काम. मग ती नावं एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना विचारा की यातली कोणती अजून लागते.

मानसिक आजाराच्या नव्या औषधांचं दुखणं बरोबर उलट्या बाजूनं येतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात या औषधांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पूर्वीच्या हॅलोपेरिडॉलनं माणूस कडक आणि संथ व्हायचा. आताची ओलान्झापिन आणि क्लोझापिन त्या बाबतीत सोसायला सोपी, पण ती मेंदूतल्या हिस्टामिन आणि सिरोटोनिन या रसायनांच्या जागांवरही बसतात. त्यानं पोट भरल्याची जाणीवच मंदावते. मुलगा जेवून उठतो आणि अर्ध्या तासात पुन्हा डबे उघडतो. काही महिन्यांत वजन पाच-दहा किलोनं वाढतं, पाठोपाठ साखर वाढते. घरचे म्हणतात, "काम करायला नको, खायला बरं सुचतं." तो बिचारा दोन्हीकडून मार खातो. आजारानं त्याची उमेद गेलेली असते आणि गोळीनं भूक वाढलेली असते. दोन्हींत त्याच्या स्वभावाचा दोष कुठेच नाही.

असा रुग्ण घरात असेल तर गोळी सुरू होताना वजन, कंबर आणि रक्तातली साखर मोजून लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वजन झपाट्यानं चढत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, डोस बदलता येतो, काही वेळा जोडीला मेटफॉर्मिन देतात. जाड होतो म्हणून घरच्यांनी परस्पर गोळी बंद केली की आजार उलटतो आणि पुन्हा रत्नागिरीची फेरी पडते.

मघाचा जाळीचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. ज्याची उमेद गेली आहे त्याच्या आणि ताटाच्या मधली जाळी काढा. ज्याची भूक औषधानं वाढली आहे त्याच्यापुढे ती उभी करा. उपदेश दोघांनाही करू नका, त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

जाळी काढा म्हणजे काय? एकट्या राहणाऱ्या आईला "नीट जेवत जा" असं सांगणं बंद करा आणि तिनं जेवायचं ठरवलं तर तिला किती वेळा उठावं लागतं ते मोजा. सिलिंडर खाली वाकून चालू करावा लागतो का? पीठ वरच्या फळीवर आहे का? भांडी घासायला मागीलदारी जावं लागतं का? सकाळी कामाला येणाऱ्या बाईला चार भाकऱ्या जास्त टाकायला सांगा. उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले चणे, नाचणीचं सत्त्व हाताला लागेल अशा उंचीवर झाकून ठेवा. ओट्याशी एक खुर्ची ठेवा, बसून कांदा चिरता येतो. शक्य असेल तर दुपारचा डबा लावा. चिपळूण बाजारपेठेच्या आसपास घरगुती डबे देणाऱ्या बायका आहेत, वाडीवर शेजारीण पैसे घेऊन देईल. तिला ते भीक वाटेल अशी भीती असेल तर डबा तिचा आणि शेजारच्या एखादीचा मिळून लावा. आणि संध्याकाळच्या जेवणाला कोणी सोबत बसणार असेल तर त्यासारखं औषध नाही.

जाळी उभी करा म्हणजे फरसाण, टोस्ट, केक आणि कोल्ड्रिंक घरात आणूनच ठेवू नका. कुलूप लावायचं नाही, भांडणं होतील. दुकानात जाऊन आणावं लागलं की दहापैकी काही वेळा तरी तो जाणार नाही. जेवणात आमटी, उसळ, भाजी, मासे भरपूर ठेवा, भाताचं भांडं ताटाजवळ ठेवू नका.

कंपवाताच्या रुग्णांबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. त्यांच्या मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जातात. थरथर सगळ्यांना दिसते, पण उमेद जाणं कोणाला दिसत नाही. वास येईनासा होतो, त्यामुळे चवही फिकी पडते. बद्धकोष्ठ पुष्कळदा थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. त्यांना लेवोडोपा देतात. ही गोळी मासे, मटण, अंडी, डाळ यांच्या जेवणासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही, कारण प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यात एकाच वाटेनं आत शिरतात. म्हणून डॉक्टर जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. "गोळी लागूच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी गोळीची आणि ताटाची वेळ तपासावी. मासे सोडायची गरज नाही. कोकणात तसं सांगून ऐकणार तरी कोण?

दुसरी गोष्ट नाजूक आहे. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनसारखं काम करणारी औषधं काही जणांत उमेद नको तितकी वाढवतात. आयुष्यभर मोजून-मापून वागलेला माणूस लॉटरी घेऊ लागतो, मोबाईलवर पैशाचे खेळ खेळतो, नको त्या वस्तू मागवतो, रात्री उठून गोड खातो. घरात लाजेनं कोणी बोलत नाही. हा औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, डोस कमी केला की बहुधा ओसरतो. लाजण्यात वेळ घालवला तर तेवढ्यात बँकेतली ठेव जाते.

आणि खाजकुयली. आपल्या कुंपणावर पावसाळ्यानंतर लोंबणारी ही शेंग कोणाच्या लहानपणी अंगाला लागली नाही? तिच्या बियांत, कवचबीजात, खरोखरच लेवोडोपा असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते वेगळं काढून दाखवलं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली तिच्या चूर्णाचा कंपवाताच्या रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात आणि वातविकारांत ती पूर्वापार वापरात आहे. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण प्रत्येक बीमध्ये औषध किती हे सांगता येत नाही, आणि शुद्ध करून न घेतलेल्या बिया दळून दुधातून घेतल्या तर उलट्या, चक्कर, भ्रम हे सगळं होऊ शकतं. कोणी आधीच लेवोडोपाची गोळी घेत असेल आणि वर हे चूर्णही घेत असेल तर तो नकळत वाढीव डोस घेत असतो. चूर्ण घ्यायचंच तर दोन्हीकडे, वैद्यांना आणि डॉक्टरांना, एकमेकांचं औषध सांगून घ्या. चोरून घेऊ नका.

आता ज्याला औषध म्हणतच नाहीत त्याबद्दल. मशेरी. सकाळी चूल पेटायच्या आधी दातांवर मशेरी घासणाऱ्या बायका आपल्या तालुक्यात आजही थोड्या नाहीत. त्या म्हणतात, "लावल्याशिवाय काम सुचत नाही." खरं आहे ते. तंबाखूतलं निकोटिन डोपामिन वाढवतं, हात चालू लागतात. शिवाय ते भूक मारतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की निकोटिन मेंदूतल्या पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या पेशींनाच जागं करतं. म्हणजे न खाता काम करून घेणारं रसायन. घरातल्या सगळ्यांची न्याहारी करून स्वतः अकरापर्यंत उपाशी राहणाऱ्या बाईला ते सोयीचं पडतं, आणि घरालाही सोयीचं पडतं, हे कटू आहे पण लिहायला हवं. किंमत कोण देतं? मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. तेव्हा सासूबाईंनो, सून गरोदर असेल तर तिच्या हातात मशेरीच्या डबीऐवजी आधी घावन द्या, आणि तिनं ते बसून खाल्लं का ते बघा.

चहाची गोष्ट थोडी वेगळी. सालामोन यांच्या उंदरांना अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन अडवणारी औषधं दिली तेव्हा त्यांची गेलेली उमेद काही अंशी परत आली, आणि कॅफिन त्याच घराण्यातलं. म्हणजे चहानं तरतरी येते ती मनाची समजूत नव्हे. पण चहा जेवणाची जागा घेऊ लागला की घोटाळा होतो. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. लोह कमी झालं की रक्त कमी, रक्त कमी झालं की पुन्हा अंग गळतं, आणि मग आणखी एक कप.

भूक "लावायच्या" औषधांचा बाजार मोठा आहे. मूल जेवत नाही म्हणून मेडिकलमधून जे गुलाबी-लाल सिरप आणतात त्यात पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असतं. मुळात ते अ‍ॅलर्जीचं औषध, भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम. मूल झोपाळू होतं, सिरप थांबलं की भूक होती तिथे येते. पोराचं वजन खरंच कमी आहे की फक्त शेजारच्या मुलापेक्षा कमी आहे, हे आधी अंगणवाडीच्या तक्त्यावर बघा. लग्नाआधी अंग भरावं म्हणून मुलामुलींना दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या पावडरी आणि गोळ्या त्याहून वाईट. अशा मालात डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं निघण्याचे प्रकार झाले आहेत. चेहरा गोल होतो, सगळे "तब्येत सुधारली" म्हणतात, आतून हाडं ठिसूळ आणि साखर वर. आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं हेही धोक्याचं, म्हणून फसला असाल तर लपवू नका, डॉक्टरांपुढे ती पुडीच ठेवा.

उलट बाजूला वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत. टिर्झेपेटाइड २०२५ च्या मार्चमध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये भारतात विक्रीला आलं. ती आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करतात, पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूत खाण्याचा सततचा धोशा थांबतो. मधुमेह आणि खऱ्या लठ्ठपणासाठी ती चांगली औषधं आहेत. पण वजनासोबत स्नायूही जातात. जिचे हातपाय काडीसारखे आणि फक्त पोट सुटलंय अशा साठीतल्या बाईनं जाहिरात पाहून ती टोचून घेतली तर काही महिन्यांनी तिला खुर्चीतून उठवणार नाही. व्यायामशाळेत, पार्लरमध्ये, ओळखीच्या ओळखीनं हे घ्यायचं औषध नाही.

डॉक्टरांकडे जाताना, मग ते कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय असो, डेरवणचं वालावलकर असो की गल्लीतला दवाखाना, "जेवत नाही" एवढंच सांगू नका. डॉक्टरांपाशी रुग्णामागे काही मिनिटंच असतात. चिठ्ठीवर वेगवेगळं लिहून न्या: भूक लागते का, चव-वास कळतो का, समोर ताट आणून दिलं तर खातो का, स्वतः उठून घेतो का. ताट समोर आल्यावर पोटभर जेवणारा माणूस स्वतः उठून घेत नसेल तर वाट मेंदूकडे, मनाकडे किंवा औषधाच्या डब्याकडे जाते. समोर आलेलं ताटही लोटून देत असेल आणि वजन उतरत असेल तर क्षयरोग, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, दात, कर्करोग हे सगळं आधी तपासायला हवं. तिथे गोळ्यांवर खापर फोडून दिवस घालवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि उतरणारं वजन असेल तर थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. चिठ्ठीवर प्रत्येक गोळी कधी सुरू झाली तेही लिहा, तारीख आठवत नसेल तर "शिमग्याच्या आधी", "गणपतीनंतर" असं लिहिलं तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

मन उदास आहे, जगण्यात रस वाटत नाही असं कोणी बोललं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६. औषधानं त्रास झाला असा संशय असेल तर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवता येतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. आणि हा लेख वाचून कोणी लेवोडोपा, मानसिक आजाराची गोळी किंवा स्टेरॉइड आज रात्रीपासून बंद करणार असेल तर कृपा करून करू नका. या तिन्ही गोष्टी एकदम थांबवल्या तर माणूस दवाखान्यात पोचतो. त्या हळूहळू उतरवायच्या असतात, आणि किती दिवसांत, हे गोळी लिहून देणाऱ्याला विचारूनच.